उभी, आडवी

मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती:
एक बाटली उभी, एक आडवी.
खाली नाव नाही, पक्ष नाही.
आमच्या बंदरात ज्यांना अक्षर येत नाही
त्यांनाही एवढं वाचता येतं.

माझी शेगडी भाल्याशेठच्या बारसमोर, गटाराच्या अलीकडे.
अठरा वर्षं तिथे मी बोंबील तळते, मांदेली तळते.
रवा कमी, मिरची जास्त,
कारण तिखट लागलं की माणूस आणखी एक मागवतो.
हे शेठनेच शिकवलं.
जागेचं भाडं घेत नाही तो.

वैजयंती सह्यांचा कागद घेऊन आली
तेव्हा हात पुसायला मी फार वेळ लावला.
ती अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिते.
म्हणाली, "बारामागच्या वाडीतलो आकडो
दर म्हयन्याक खाली जाता गो."
एवढंच.

आमचे हे ट्रॉलरवर खलाशी.
मालक ऑगस्टात बयाणा देतो,
म्हणजे मे उजाडेपर्यंत माणूस त्याचा.
आठ-आठ रात्री पाण्यात, हात बर्फाच्या खणात,
उतरल्यावर कंबर सरळ होत नाही,
आणि हिशेब बारच्या टेबलावर,
कारण शेठ मालकाचा मेहुणा.
जाळं रिकामं आलं तर उधारीवर,
भरून आलं तर आनंदात.
डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी येतो.
बार रोज उघडा.

माझे वडील माडावर चढायचे.
सकाळची माडी गोड, दुपारची आंबट,
संध्याकाळची त्यांच्या पोटात.
आईला मारलं त्यांनी, मला आठवतं तेवढं दोनदा.
तेव्हा उगाच खोटं नको,
की आधी सगळं बरं होतं.

शेजारची सुमित्रा म्हणाली, बंद झाली तर गोव्याची येईल,
बांद्याचा नाका चुकवून, सुरमईच्या क्रेटखाली.
आणि ते टुरिस्ट वाळूत बसून पितात,
त्यांची बाटली कोण आडवी करणार?
वैजयंतीने चप्पल घालता घालता उत्तर दिलं:
"येंव दे. पण पगार तरी थंय वाटूचे नाय."
त्या रात्री मी सही केली.

नियम असा, की यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी
आडवीवर शिक्का मारला पाहिजे.
जी आली नाही, ती उभी.

आमिनाबी डोळ्याला पट्टी बांधून रिक्षाने आली.
नव्या सुना आल्या, घरी न सांगता, मासळीच्या टोपल्या घेऊन.
माझ्या दोन जावा नालासोपाऱ्याला.
फोनवर म्हणाल्या, रजा मिळत नाही.
एकीचा नवरा तिथल्या बारमध्ये वेटर,
दुसरीचा तिथलंच गिऱ्हाईक.
गावच्या यादीत दोघींची नावं अजून आहेत,
आणि सासूबाईंचंही,
ज्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

शाळेत मोजणी झाली, चिंचेच्या झाडाखाली आम्ही उभ्या.
हवी होती चारशे बारा.
पडली तीनशे त्र्याण्णव.
सासूबाईंनी एकदा सासऱ्यांची बाटली विहिरीत फेकली होती
आणि त्यापायी पुढचा दात गेला होता त्यांचा.
त्या त्या दिवशी उभ्या बाटलीत मोजल्या गेल्या.

संध्याकाळी शेठने निरोप पाठवला:
चार किलो जास्त तळ, आज सगळं माझ्याकडून.
रात्री अकरापर्यंत कढई उतरली नाही.
अठरा वर्षांतला सगळ्यात मोठा गल्ला.
त्यातूनच मयुराचा कॉलेजला जायचा एसटीचा पास काढला,
तीन महिन्यांचा, एकदम.

हे प्लेट घ्यायला आले.
माझ्या बोटावरची शाई दिसली त्यांना,
तेलाने ती निघत नाही, राखेनेही नाही.
"खंयचेर मारलंस शिक्को?"
मी बोंबील उलटला.
म्हटलं, "लिंबू घेवा आणि बाजूक सरा.
मागे माणसां उभी हत."