पाटी

दोन बाय तीनची पाटी. पत्रा तुमचा असला तर साडेतीनशे,
माझा असला तर सहाशे.
वर पिवळ्यात योजनेचं नाव, ते लांबलचक असतं,
त्याला बारीक ब्रश लागतो.
मध्ये निळ्यात लाभार्थी.
खाली गट नंबर, क्षमता, अनुदानाची रक्कम.
रक्कम लिहायला घेतली की माणसं पाठीशी येऊन उभी राहतात,
एरवी अक्षराकडे कोण बघतंय.

चांदवडपासून वडाळीभोईपर्यंत
रस्त्याकडेची निम्मी नावं माझ्या हातची.
शकूर पेंटर, अशी कोपऱ्यात सही करायचो.
आता नाही करत.

बोरमाथ्याला ठोक्यांकडे पहिल्यांदा गेलो
तेव्हा चाळ नवी कोरी होती, पंचवीस टनांची,
लोखंडी कैच्या, खालून वारं खेळेल अशी जाळी.
उन्हाळ कांद्याचा वास अजून लागायचा होता तिला.
लिहिलं : कारभारी निवृत्ती ठोके.
साहेब आले, मोबाईल उंच धरून फोटो घेतला,
चहा झाला, साहेब गेले.

आठ दिवसांत फोन. शकूरभाई, येताना थिनर आणा.
कारभारी पुसायचे, मंदाकिनी कारभारी लिहायच्या.
मागचा फोटो उगवतीकडून होता, आता मावळतीकडून.
मग चिरंजीव तेजस, अठरा भरून महिना झालेला,
मिशी फुटायच्या आत सातबारा फुटला त्याच्या नावचा.
मग धाकटे बंधू, ते गंगापूर रोडला असतात,
कांदा मोबाईलवरून मागवतात.

चूल एकच.
बावीस एकरांचे कागदावर सहा तुकडे
आणि प्रत्येक तुकड्याचा धनी अल्पभूधारक.
हा शब्द मी त्यांच्या दुमजली बंगल्याच्या सावलीत बसून लिहिला.
त्यातला ल्प अवघड,
त्याला जागा लागते.

खोटं काही नव्हतं हं.
अर्ज खरे, सोडतीत नावं खरी निघालेली,
पूर्वसंमती, बिलं, आधार, सगळं जागच्या जागी.
चाळसुद्धा खरी.
फक्त एक.

पोर्टल म्हणे रात्री दोननंतर नीट चालतं.
त्या वेळी बोरमाथ्यात दोनच माणसं जागी :
ठोक्यांचा इंजिनिअर पुतण्या, लॅपटॉपपुढे,
आणि त्यांच्या वाफ्यात बारं देणारी रखमी भोये,
कारण लाईटही तेव्हाच येते.
सुरगाण्याकडची. नऊ वर्षं झाली, चार एकर वाट्यानं कसते.
बी तिचं निम्मं, खत निम्मं, पाठ सगळी तिची.
पीक पाहणीत मात्र कांदा ठोक्यांनी लावलाय,
फोटोत बोटंही त्यांचीच दिसतात.

चौथ्यांदा पुसलं तेव्हा पत्रा ऐकेना.
कारभारींचा का मंदाकिनींच्या खालून वर येई,
तेजसची मात्रा काकांच्या डोक्यावर.
उन्हात धरलं की सगळं घर एकावर एक उभं.
रखमी गोण्या शिवत होती. म्हणाली,
भाऊ, आता कोणाचं?
वाचून दाखवलं.
ती हसली. खरंच हसली, टोचून नाही,
एकाच लुगड्यात चौघी लग्नाला जाऊन आल्यासारखं.

मग पाण्याचा कॅन घेऊन आली.
पिकअपमध्ये बायकांचे कॅन सारखेच, अदलाबदल होते,
याच्यावर माझं टाक.
निळा उरला होता. रखमी लहानू भोये, असं टाकलं.
तिला वाचता येत नाही, पण ती बघत राहिली.
खाली?
खाली काय?
तुम्ही त्यांच्या नावाखाली आकडा लिहिता. मला का नाही?

ब्रश हवेत राहिला माझा.
ठोक्यांच्या पाटीवर वाळायला ठेवलेली रक्कम
अजून ओली होती.
कॅन उलटा करून बघितला, बुडाशी कंपनीचा छाप होता.
मग लिहिलं :
क्षमता १५ लिटर.

मोजून बघा कोणीही.