दहा बहिणी

आमच्याकडे या पाखराचं नाव तीन अक्षरांत लिहितात:
दहा, थोरली बहीण, धाकटी बहीण.
दहाजणी एका दांडीवर खेटून बसतात, भांडत नाहीत,
म्हणून, असं सासरे सांगायचे.
तोकुजिरो कामिया. किसो नदीच्या काठी पत्र्याची शेड,
आत तीनशे पिंजरे, आणि बाजरीच्या फोलपटांचा
घसा धरणारा धुरळा.

त्यांची वही आता माझ्याकडे आहे.
डाव्या पानावर नर, उजवीकडे मादी, मध्ये तांबडी रेघ.
"तुरेवालीला तुरेवाला देऊ नये.
चार अंड्यांतलं एक आतच मरतं."
"भावाला बहीण, तिसरी खेप. रंग दुधासारखा. बोटं वाकडी."
आणि चौऱ्याहत्तरच्या मार्चात:
"नवं रक्त हवं. तोयोहाशीहून नर आणला.
धडधाकट. आवाज बरा."
त्याच्याच खाली, त्याच शाईत:
"सायोकोचं लग्न ठरलं. मुलगा इझुमोचा.
आपलं आडनाव लावायला तयार."

या दोन नोंदी मला अजून
वेगवेगळ्या वाचता येत नाहीत.

युनिव्हर्सिटीतून एक बाई माइक घेऊन आल्या होत्या.
त्यांनी रानातल्या मुनियाचं गाणं कागदावर दाखवलं:
पाढा म्हटल्यासारखं, सरळ, एका दमात, संपलं.
मग आमच्याचं: मध्येच वळतं, मागं येतं,
एका सुराला तीन फाटे, आज हा, उद्या तो.
रानात एवढी लांबण लावायला सवड कुणाला?
मादीच्या आधी ससाणा ऐकतो.
इथं अडीचशे वर्षं ऐकायला फक्त माणसं,
आणि माणसं तर रंग बघत होती.
गाणं आपलं मागच्या दारानं वाढत गेलं.

शेडच्या खिडकीत मांजर येऊन बसलं
तेव्हा एकीनंही मान फिरवली नाही.

ऑस्ट्रेलियातले ते जांभळ्या छातीचे फिंच, महागडे,
पिंजऱ्यात पुष्कळदा स्वतःची अंडी टाकून देतात.
आम्ही ती आमच्या बहिणींखाली सरकवायचो.
त्या मोजत नाहीत.
पिल्लू वाढतं, अंगावर सगळे रंग चढतात,
आणि वयात आलं की जातभाईंकडे पाठ फिरवून
एखाद्या साध्या तपकिरी मादीपुढे नाचतं.
तिला काय करावं कळत नाही.
सासरे हसायचे.
मीही हसायचो, जरा उशिरा.

गेल्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ गेला.
इझुमोत, अंत्यविधीनंतर, पुतण्याची बायको
चहा ठेवताना अदबीनं म्हणाली,
"तुमची बोली नागोयाकडची वाटते.
आपण यांचे कोण?"

शेड विकली. सहा पाखरं घरी आणली.
पहाटे पिंजऱ्यावरचं कापड काढलं की
मधल्या जागेसाठी सहाहीजणांची ढकलाढकली.
"भांडतात की," मी म्हटलं.
"बाबांना ते बघायचं नसेल," सायोको म्हणाली
आणि पाण्याची वाटी बदलून गेली.

सहातले चार नर आहेत.
नाव अजून तेच.