फक्त पाच डॉलर

टोलीडोच्या वाचनालयाखाली, तळघरात
दर गुरुवारी आमचं फुकट सल्ल्याचं टेबल.
वकीलबाई एक, खुर्च्या सहा, हीटर बिघडलेला,
आणि टाइप करायला मी.

बर्नडेट व्होयचिक आली
ती शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन कोटाखाली तसाच ठेवून.
पिशवीतून वही काढली.
प्रत्येक फोनची तारीख, वेळ, समोरचा काय बोलला,
किती डबे दूध उतरलं ते लिहावं तसं :

मंगळवार, सकाळी ७.४०. "नवऱ्याची अब्रू तरी राखा."
बुधवार, रात्री ९.२०. "शेजाऱ्यांना सांगू का?"
शनिवार. नुसता श्वास.

वकीलबाईंनी पेन्सिलीनं दोन वेळांभोवती गोल काढले.
आठच्या आधी नाही, नवाच्या नंतर नाही, म्हणाल्या,
घड्याळ त्यांनाही लागू आहे.
मला वाटलं, बर्नडेट म्हणाली,
घड्याळ फक्त पंच करणाऱ्यांना असतं.

देणं कशाचं? बोटीच्या मोटारीचं.
काझिमिर एप्रिलभर मॉमी नदीवर असायचा, मासे धरत.
दुकानाच्या कार्डावर मोटार घेतली,
मग कारखाना गेला, मग छातीचं दुखणं, मग तो.
कार्ड त्याचं एकट्याचं. सही त्याची एकट्याची.
शेवटचा हप्ता भरल्याला नऊ वर्षं.
दुकान बुडालं. कर्ज मात्र विकलं गेलं
एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला,
डॉलरला चार सेंट अशा भावानं,
यादीतली एक ओळ : नाव, आकडा, फोन नंबर.
मूळ कागद कुणाकडेच नाही.

आमच्यात याला म्हणतात मढ्याच्या टाळूवरचं लोणी.
मी ते तिला इंग्रजीत सांगायला गेले नाही.
सहाशे पोरांच्या पावांना लोणी लावून आली होती ती.

"आणि काल," ती म्हणाली, "तो एकदम गोड झाला.
म्हणे, मॅम, सगळे नकोत. फक्त पाच डॉलर.
चांगुलपणा म्हणून.
पाच डॉलर म्हणजे काय हो? चेक लिहून ठेवलाय. हा बघा."

वकीलबाई खुर्चीतून उठल्या.
"पेटीत टाकला नाहीत ना?"
"तिकिटं संपली होती घरातली."

त्या पुन्हा बसल्या, हळू.
मुदत संपलेलं कर्ज, म्हणाल्या,
त्याला कोर्टाची पायरी चढायला पाय नसतात.
ते पाय तुमच्याकडून हवेत त्यांना, पाच डॉलरला.
चेक वटला की म्हणतील, बघा, बाईंनी मान्य केलं,
करा मोजायला सुरुवात पहिल्या दिवसापासून.
आणि मुळात ते तुमचं कधी नव्हतंच.

बर्नडेट चेककडे बघत राहिली.
अक्षर फार सुरेख होतं तिचं.

मी टाइप केलं : हे देणं मला मान्य नाही.
असल्यास पुरावा पाठवा.
यापुढे कृपया फोन करू नये.
ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.
म्हणाली, "तेवढं 'कृपया' काढा."

रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. पोचपावती आली,
हिरवं कार्ड, खाली सही, म्हणजे एक रेघोटी.
ती दाखवायला पुढच्या महिन्यात ती परत आली.
फोन?
थांबले, म्हणाली.
मग कार्डाचा कोपरा नखानं खरवडत :
"आठ वर्षं पूर्ण नावानं त्याची चौकशी करणारे
तेवढेच उरले होते. आडनाव धड म्हणता यायचं नाही त्यांना.
एकदा तर तोंडावर आलं होतं,
नदीवर गेलाय, संध्याकाळी करा."

हीटर अजून तसाच. आम्ही कोट घालूनच बसलेलो.

"ती मोटार गॅरेजमध्ये आहे," तिनं विचारलं,
"तिच्यावर आता हक्क कुणाचा?"
"तुमचा."
"मला पोहता येत नाही," ती म्हणाली,
कार्ड वहीत ठेवलं,
आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत पोचायचं म्हणून
जिन्यानं वर गेली.