देखभाल

रेसिफेच्या किनाऱ्यावर बावीस मजल्यांची इमारत,
दोन लिफ्ट. एकीला आरसा,
दुसरीला ओरखडे.
मी जेनिव्हाल. अठरा वर्षं दोघींना वंगण घालतोय.

दोघींचे दोर एकाच कारखान्यातले,
वजनही तेवढंच पेलतात, सहाशे किलो.
फरक दार कुठं उघडतं एवढाच :
एक दिवाणखान्यापाशी,
एक मोरीपाशी.
आरशाच्या लिफ्टमध्ये मी चढतो
ती बंद पडलेली असते तेव्हा.

कायदा आला, त्याच्यामागून पाटी आली :
वंश, रंग, धंदा बघून कुणालाही अडवू नये.
मीच बसवली. चार स्क्रू.
झोराईदेबाई बादली खाली ठेवून वाचत उभ्या राहिल्या.
"सरळ बसलीय," म्हणाल्या,
आणि बादली उचलून मागच्या लिफ्टकडे गेल्या.
कुणी अडवलं नव्हतं त्यांना.
तेच तर.

नवव्या मजल्यावरच्या मालकीणबाई वाईट नाहीत.
नाताळात केक देतात,
झोराईदेच्या गुडघ्यासाठी डॉक्टरही त्यांनीच गाठून दिला.
"आपल्याकडे नाही हो असलं काही," म्हणतात,
आणि खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच दिसतं,
नवव्या मजल्यावरून.

परवा झोराईदेची जुसिआरा आली,
विद्यापीठातून, आईचा विसरलेला चष्मा घेऊन.
सरळ आरशाच्या लिफ्टचं बटण दाबलं.
दारावरचा एदिल्सन, तिच्याहून काळा,
लहानपणी तिला खांद्यावर बसवून समुद्र दाखवलेला,
त्याचा हात उठला. मागच्या बाजूला.
शब्द नाही, नुसता हात.
मग तो स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला
जणू रात्रीतून कुणी शिवून गेलं होतं.

पोरगी रागावली नाही.
हात हळूच खाली केला त्याचा, म्हणाली,
"काका, इतकी वर्षं झाली, जरासुद्धा कुरकुरत नाही हा.
वंगण कोण घालतं याला?"
विचारलं त्याला.
तेलाचा डबा मी पाठीमागे धरला.

काल ती लिफ्ट अडकली, आठ आणि नऊच्या मध्ये.
आत मालकीणबाई, आरशासमोर, एकट्या.
वरून मी टॉर्च मारला.
"जेनिव्हाल, किती वेळ असं उभं राहायचं?"

सात मिनिटं लागतात. मला ठाऊक होतं.
पाना हातातच होता.
तरी थोडा वेळ
मी काही बोललो नाही.