नोंद न केलेली चूक

माझं काम बकध्यानाचं.
कॅमेऱ्याशेजारी खुर्ची, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही.
मागच्या शॉटमध्ये ग्लासात दूध किती होतं,
जखम कुठल्या भुवईवर होती,
हे जगात एका माणसाला माहीत असावं लागतं.
बावीस वर्षं तो माणूस मी.

अटलांटाच्या दक्षिणेला, जुन्या गालिच्यांच्या गिरणीत
आम्ही एक शहर उभं केलं. म्हणजे अर्धा रस्ता.
दार उघडलं की मागे टेकू आणि कोकचे रिकामे कॅन.
तिथे रातबगळा उडायचा,
म्हणजे ब्रॅम नावाचा मुलगा तारेवर लटकायचा
आणि खाली आला की गुडघ्यावर बर्फ धरून बसायचा.

लोक हल्ली सिनेमा बघत नाहीत, सोलतात.
चौकातल्या बसवर ४१७ आकडा आहे.
एका पोराने त्यावर तासभर काथ्याकूट केलाय :
हा रातबगळ्याच्या बापाच्या कोठडीचा नंबर,
म्हणजे बाप जिवंत,
म्हणजे मुखवट्यामागचा तो आवाज...
बस मेकनहून भाड्याने आणली होती.
आकडा तिचा तिचाच. पुसायला वेळ नव्हता.

चुका मात्र खऱ्या, नाकारत नाही.
विसाव्या मिनिटाला पुलावरून पडून मेलेला हवालदार
शेवटच्या मिरवणुकीत टाळ्या वाजवतो.
त्याचं नाव क्लीऑन. मुलीच्या दातांना तार बसवायची होती,
आणखी दोन दिवसांची मजुरी हवी होती.
मी म्हटलं, चष्मा घाल.
घातला. तरी ओळखला.

एकाच रात्री चंद्र आधी पूर्ण, मग कोर.
दिग्दर्शकाला कोर आवडते. त्याला काय करणार.

आणि ती एक, जिच्याभोवती सगळ्यात जास्त लाल वर्तुळं.

लढाईत रस्त्याची डावी बाजू जळते, आख्खी.
बँक, न्हावी, चपलांचं दुकान.
रातबगळा राखेत गुडघे टेकतो, संगीत वाढतं.
मग शेवटी, पहाटे, त्याच बाजूला
एका खिडकीत दिवा.
काचेवर पिवळी अक्षरं : मर्नाचे पीच पाय. सहापासून.

त्यांचं म्हणणं, काळ उलटा फिरला.
किंवा हे दुसरंच विश्व.
किंवा बगळा मेला आणि हा स्वर्ग.
एकाचं साधं मत : नोंदी ठेवणारीला डुलकी लागली.

लेव्हॉन प्रॅदर आमच्या पाट्या रंगवायचा.
हात थरथरायला लागल्यावर
एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून रंगवायचा.
मर्ना चौतीस वर्षं हेपव्हिलमध्ये पाय भाजत होती.
आधी दुकान गेलं, रुंदीकरणात. पुढच्या उन्हाळ्यात ती.
आम्ही सेट पेटवला त्या दिवशी तो आला नाही.

शेवटच्या दृश्याच्या सकाळी, साडेचारला,
मी राख तपासायला गेले
(राखसुद्धा जुळावी लागते)
तर काळ्या भिंतीत एक नवी खिडकी,
आत साठचा बल्ब, अक्षरं अजून ओली.
शिडीच्या पायाशी लेव्हॉन.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ऑड्रा, हे चुकलंय, ठाऊक आहे मला.
तुझं काम आहे. लिही."

वही उघडली. दृश्य एकशे बारा.
जखम : उजवी भुवई. धूर : डावीकडून.
मुखवटा : तडा, कानापर्यंत.
खिडकी

पेन्सिलीचं टोक मोडलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

आता त्या पोरांनी ते दृश्य थांबवून, मोठं करून पाहिलंय.
काचेत, पीचच्या पी शेजारी,
अंधुक एक बाई सापडलीय, गळ्यात घड्याळ.
तिला नावही दिलंय, काळराखी.
पुढच्या भागातली खलनायिका तीच, अशी पैज लागलीय.

तिच्या कानामागे खोचलेली दुसरी पेन्सिल
अजून कुणाला दिसलेली नाही.