शंखपाळचा घोडा

नौपाड्यातल्या शाळेचा हॉल, रविवार, सकाळचे दहा.
पडदा दोन चादरी जोडून केलेला, मधोमध शिवण.
बावीस माणसं. बहुतेकांना ऐकू कमी येतं,
म्हणून गोळ्यांचा आवाज मोठा.

शंखपाळ माझ्या उजवीकडे, इस्त्रीच्या शर्टात.
त्यानेच फोन केला होता : "लागलाय रे आपला. ये."

आपला म्हणजे
वागळे इस्टेटमध्ये, तिसऱ्या पाळीत,
फर्नेस तापायला चाळीस मिनिटं लागायची
तेवढ्यात तो सांगायचा, तो पिक्चर.
ऑइलच्या डब्यावर बसून लगाम धरायचा,
पान्याचं पिस्तूल, नाकावर कॉटन वेस्टचा रुमाल,
आणि शेवटी
तो घोडा.
मालक मेल्यावर एकटाच परत येतो.
त्या बाईच्या दारात उभा राहतो,
खोगिरावर धूळ,
पाणी ठेवलं तर तोंड लावत नाही.
इथे शंखपाळ थांबायचा.
सुर्वे हेल्पर दर वेळी नाक शिंकरायचा,
दर वेळी.

एकोणतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो.
दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा पगार खाल्ला.
म्हणून सांगतो, पिक्चरमध्ये खोट नाही.
दाराच्या चौकटीतून वाळवंट दिसतं ते काटकोनात.
सावली एका सुतानेही चुकत नाही.
नाल ठोकणारा लोहार लोहारच आहे,
त्याचं मनगट बघा.
छपरावरून पडणारा माणूस
पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच घेतो.
गो-गेज जातं. नो-गो जात नाही.
शिक्का मारायला हात शिवशिवतो.

आणि तरी
पाऊण तासाने मी पंखे मोजले. सहा. एक बंद.
शेरीफ बोलतो तेव्हा बरोबरच बोलतो.
बाई रडते तेव्हा उजेड नेमका तिच्या गालावर.
नवं बेअरिंग बोटावर फिरवावं तसं :
फिरतं, छान फिरतं, खडखड नाही,
फक्त त्याच्यावर काही चालत नाही.

मालक मेला.
मी खुर्चीत पुढे सरकलो.
शेजारची खुर्चीही करकरली.
टेकडी. ऊन. चर्चची घंटा.
आणि नावं यायला लागली.

घोडा नाही.
घोडा पहिल्या अर्ध्या तासातच विकून झाला होता,
सात डॉलरला. मी नीट पाहिलं होतं.

"कापलाय," शंखपाळ म्हणाला. "यांनी सीन कापलाय."
चष्मा काढून पुसला. "पूर्वी होता."
मशीनवरची मुलगी म्हणाली,
"नाही काका, हीच पूर्ण प्रत.
उलट यात अकरा मिनिटं जास्त आहेत."
"हो का," म्हणाला.
जिना उतरताना त्याने कठडा धरला,
एरवी धरत नाही.

मासुंद्यावर आलो. पाण्यात पायडलच्या बोटी,
एकीतलं जोडपं गोल गोल फिरतंय, सुटका नाही.
दोन कटिंग घेतले.
रिजेक्ट हा शब्द मी आयुष्यभर मोठ्यांदा उच्चारला,
लोकांचे इन्क्रिमेंट अडकले त्याने.
आज तो तोंडात चहाबरोबर फिरवला
आणि गिळला. चहा गोड होता, फार.

मग विचारलं,
"त्या बाईने पाणी कशातून ठेवलं होतं रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला,
पूर्वी टेबलावर जॉब ठेवून बघायचा तसा,
हा पास करतोय की मापं घेतोय.
ग्लास कठड्यावर ठेवला.
"घंगाळातून," म्हणाला. "पितळी.
एका बाजूची कडी तुटलेली."

"तिकडे? घंगाळ?"

"तू," दोन्ही हात वर, मुठी मिटलेल्या,
लगाम ताणलेला, मागून रिक्षाचा हॉर्न,
"पुढे ऐक."