मेण

आदगोंडा अज्जांनी जन्मात कातडं पायात घातलं नाही.
आमच्या गल्लीतून जाताना
रबरी चपला फटफट वाजवत जातात,
पण नाकाला रुमाल लावत नाहीत, हे खरं.
"इंदरा, जेवलीस काय गं?" विचारतात,
आणि हातात रापी असली माझ्या
की दुसरीकडं बघत विचारतात.

त्या चैत्रात बेंगळूरची एक पोरगी आली.
वेणी अथणीचीच पाहिजे, कान पाहिजेत, करकर पाहिजे,
कातडं नको.
वर लावायला एक गुंडाळी देऊन गेली,
बिबट्याच्या ठिपक्यांची, केसाळ.
सिद्राम म्हणाला, हात लावून बघ की,
कुणी मेलेलं नाही यात.
लावला हात.
खरंच, कुणी नव्हतं.

कापायला घेतलं तसे केस उडाले.
चहात, जोंधळ्याच्या पिठात, बाळाच्या पापणीवर.
कुत्र्यानं हुंगलं नि तीनदा शिंकलं.
चुन्याच्या हौदातले केस गाळात बसतात,
कुजतात, अख्खी गल्ली शिव्या घालते,
पुढच्या वर्षी तिथं माठाची भाजी माजते.
हे कुठं जाऊन बसतील
ते बाबांनाही सांगता येईना,
साठ वर्षं बाभळीची साल नि हिरडा ढवळलेल्या माणसाला.

मी तरी कुठली साध्वी?
एकदा ओल्या कातड्यावर, मानेच्या घडीत,
हळदीचा डाग होता.
बेंदूर होऊन चार दिवस झालेले.
कुणीतरी त्या तोंडात पोळी भरवली होती.
डाग रापीनं लगेच निघाला.
त्या जोडाचे पैसे चांगले आले.

मग पावसाच्या तोंडाला अज्जांची चंदरी मेली.
म्हैस. बारा वेतांची.
मेलेलं ओढायला निरोप आम्हालाच येतो,
त्यात काय नवीन नाही.
शेत उगारच्या वाटेवर, कारखान्याच्या मळीचा वास,
अज्जा बांधावर उघडेच बसलेले.
म्हणाले, "भरमाच्या पोरांनो, कातडं काढू नका.
पुरा. मीठ मी आणलंय."

सिद्रामनं माझ्याकडं बघितलं.
तेवढ्या कातड्यात चौदा जोड होतात.
मी खोरं उचललं.

कमरेएवढं खणलं नि खोरं रबरात रुतलं.
चप्पल.
मग दुसरी, लहान, तिचं बक्कल अजून चकाकणारं.
मग पट्टे, तळवे, अर्धी टाच,
उकिरडा होता म्हणे इथं,
थोरली सून यायच्या आधी.
शेणाची माती झाली होती, पाचटाची झाली होती,
पाल्याची झाली होती.
अज्जा खड्ड्याच्या काठाशी आले,
काठीनं एकेक उलटून बघू लागले.
"ही शकुंतलेची. सातवीतली."
शकुंतलेचं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झालीत.

चंदरीला मीठ घातलं, माती लोटली.
कुणी काही बोललं नाही.
परतताना सिद्राम नुसतं म्हणाला, चौदा जोड.

आठव्या दिवशी अज्जा दुकानात.
पायरीवर नाही, आत.
पिशवीतून धुऊन पुसून काढली
ती बक्कलवाली.
"हिचा अंगठा तुटलाय. टाका घालशील काय?
पणतीला होईल.
वादी नको हं, दोराच घाल."

नायलॉनचा दोरा काढला, आरी पुसली,
सवयीनं हात मेणाकडं गेला
आणि तिथंच थांबला.
"अज्जा, हे मेण मधमाशीचं हाय.
न लावता शिवलं तर दोरा सटकतो."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर निघून गेला,
त्याच्या मागून दुसरा.
उन्हात अजून एखाददुसरा
बिबट्याचा केस तरंगत होता.
अज्जा मेणाच्या त्या काळपट गोळ्याकडं बघत बसले,
आईनं वापरलेला, तिच्या आईनं वापरलेला,
मधोमध दोऱ्याची खोल चीर.

मी आरी हातात धरून,
ते काय म्हणतात त्याची वाट बघत.